कुंपणावरच्या सरड्याचा डोळा

हा मजकूर वाचता वाचता एक साधा प्रयोग करून बघा. या ओळीतल्या एखाद्या शब्दावर नजर रोखा आणि डोळे मुळीच न हलवता त्याखालच्या तिसऱ्या ओळीतला शब्द वाचायचा प्रयत्न करा. जमणार नाही. तिथे काहीतरी काळे छापलेले आहे एवढेच कळेल, अक्षर लागणार नाही. समोरचे सगळेच आपल्याला स्वच्छ दिसते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात हात लांब करून अंगठा उभा धरला, तर त्याच्या नखाएवढाच तुकडा एका वेळी नीट दिसत असतो. बाकीचे चित्र धूसरच असते. डोळा भराभर इकडून तिकडे फिरतो, मेंदू त्या तुकड्यांची गोधडी शिवतो, आणि ते धूसरपण आपल्या लक्षातही येत नाही.

या नखाएवढ्या तुकड्याची सगळी जबाबदारी डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या, म्हणजे दृष्टिपटलावरच्या, एका खळग्यावर असते. त्याची रुंदी जेमतेम दीड मिलिमीटर. डॉक्टर त्याला फोव्हिआ म्हणतात, पाठ्यपुस्तकांत गर्तिका असाही शब्द सापडतो. आपण खळगाच म्हणू. एरवी दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या वर इतर पेशींचे आणि रक्तवाहिन्यांचे थर असतात. खळग्याच्या जागी हे थर बाजूला सरकलेले असतात, आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी तिथे खच्चून भरलेल्या असतात. सुईत दोरा ओवणे, तांदळातला खडा वेचणे, समोरून येणाऱ्या बसचा नंबर वाचणे, गर्दीतून आपल्या माणसाचा चेहरा ओळखणे, ही सारी कामे याच खळग्याची.

मग हा खळगा तयार तरी कसा होतो? आईच्या पोटात सुमारे पंचविसाव्या आठवड्यात तो पडायला सुरुवात होते आणि जन्मानंतरही काही वर्षे त्याची घडण चालूच राहते. तान्ह्या बाळाला आईचा चेहरा धूसर दिसतो, त्याचे हे एक कारण. पण हे थर नेमके का सरकतात, त्यांना तसा हुकूम कोण देतो, हे कोडे फार दिवस तसेच पडून होते. त्याची उकल करायला विज्ञानाला एका अशा प्राण्याची मदत घ्यावी लागली, ज्याच्याकडे आपण एकतर दुर्लक्ष करतो, नाहीतर त्याच्यावर दगड उचलतो. तो प्राणी म्हणजे सरडा.

एकाचे दोन डोळे

सरड्याकडे वळण्यापूर्वी डोळा मुळात घडतो कसा, ते थोडक्यात पाहू. डोळा ही मेंदूचीच बाहेर आलेली एक फांदी आहे. भ्रूण अगदी लहान असताना, भावी मेंदूच्या पुढच्या टोकाला पेशींचा एक पट्टा ‘आपण डोळा व्हायचे’ असे ठरवतो. हे ठरवणारी काही जनुके आहेत. त्यांतली रॅक्स, सिक्स-३ आणि पॅक्स-६ ही महत्त्वाची. गंमत अशी, की सुरुवातीला हा पट्टा एकच असतो. नंतर त्याच्या मधोमध एक रासायनिक निरोप पोचतो आणि तेवढ्या भागातले डोळ्याचे काम बंद पडते. मग डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे दोन डोळे उरतात. हा निरोप धाडणाऱ्या जनुकाला शास्त्रज्ञांनी एका व्हिडिओ गेममधल्या पात्राचे नाव दिले आहे : सॉनिक हेजहॉग.

हा निरोप पोचला नाही तर काय होते, हे अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या मेंढपाळांनी १९५०च्या दशकात डोळ्यांनी पाहिले. त्यांच्या मेंढ्यांना कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेली कोकरे होऊ लागली. शोध घेतल्यावर कळले, की गाभण मेंढीने चौदाव्या दिवसाच्या आसपास तिथल्या डोंगरातली एक रानटी वनस्पती खाल्ली तर असे होते. त्या वनस्पतीतल्या विषारी द्रव्याला पुढे सायक्लोपामिन हे नाव मिळाले. ते सॉनिक हेजहॉगच्या निरोपाची वाट अडवते, हे १९९०च्या दशकात उलगडले.

पुढचा क्रमही पाहण्याजोगा आहे. मेंदूच्या दोन्ही बाजूंनी दोन फुगे बाहेर येतात आणि कातडीला जाऊन भिडतात. तिथली कातडी जाड होते, आत वळते आणि तिचे भिंग बनते. इकडे फुगाही आत दबतो आणि त्याची दुहेरी भिंतीची वाटी होते. वाटीची आतली भिंत म्हणजे भावी दृष्टिपटल. बाहेरची भिंत काळ्या रंगद्रव्याने भरते. हा काळा थर पुढे आपल्या गोष्टीत पुन्हा येणार आहे. हान्स स्पेमान या जर्मन शास्त्रज्ञाने १९०१ साली बेडकाच्या भ्रूणातला हा फुगा नष्ट केला, तर वरच्या कातडीत भिंगच तयार झाले नाही. एक अवयव दुसऱ्याला ‘आता तू हो’ असे सांगतो, हा विचार तिथून रुजला. पुढे याच धर्तीच्या भ्रूणसंशोधनासाठी १९३५ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

सरडा, कोंबडी, गाय, माणूस, सगळ्यांत हा क्रम जवळजवळ सारखाच आहे. जनुकेही तीच. ती किती जुनी असावीत? स्वित्झर्लंडमधल्या बाझल येथे वॉल्टर गेरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली पॅक्स-६चा फळमाशीतला भाऊबंद माशीच्या भलत्याच जागी चालू केला. माशीच्या पायावर, पंखावर, मिशीवर डोळे उगवले! मग त्यांनी उंदराचे पॅक्स-६ घेऊन तोच प्रयोग केला. तेव्हाही डोळे उगवले, आणि ते उंदराचे नव्हे तर माशीचेच. म्हणजे जनुक फक्त ‘इथे डोळा कर’ असे म्हणते. कसला डोळा, ते त्या त्या प्राण्याच्या पेशी ठरवतात.

याच पॅक्स-६ची एक प्रत माणसात बिघडलेली असली, तर बाळ जन्माला येते ते डोळ्यातल्या बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याविना, म्हणजे परितारिकेविना. आणि अशा बाळाच्या डोळ्यात बहुधा खळगाही नीट पडलेला नसतो.

पांढऱ्या उंदराची अडचण

खळग्याच्या कोड्याचा दुसरा धागा मिळतो आल्बिनिझममध्ये. काही मुले जन्मतःच अगदी गोरी, पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्या केसांची असतात. पुष्कळ लोक याला कोड समजतात. ते कोड नव्हे. कोडात आधी असलेला रंग नंतर डागाडागांनी जातो. आल्बिनिझममध्ये काळे रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, जन्मापासूनच बनत नाही किंवा फार कमी बनते. ते बनवण्यासाठी टायरोसिनेज नावाचे एक विकर लागते. या विकराचे जनुक आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून बिघडलेले आले, तर आल्बिनिझमचा एक मुख्य प्रकार उद्भवतो. आईवडील स्वतः मात्र चारचौघांसारखेच असतात, कारण त्यांच्याकडे एक प्रत चांगली असते. आपल्याकडे काही घराण्यांत मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. अशा नात्यात दोघांकडे तीच बिघडलेली प्रत असण्याचा संभव वाढतो, एवढेच त्यामागचे गणित. ना तो शाप, ना ग्रहणात काही केल्याचे फळ, ना स्पर्शाने होणारा रोग.

लोकांच्या डोळ्यांत भरतो तो कातडीचा रंग. मुलाला खरा जाच होतो तो नजरेचा. डोळ्यातल्या त्या काळ्या थरातही रंगद्रव्य नसते. उजेड सहन होत नाही. बुबुळे एकसारखी डावी-उजवीकडे हलत राहतात. आणि खळगा पुरता पडलेलाच नसतो. म्हणून कितीही चांगला चष्मा दिला तरी नजर पूर्ण सुधारत नाही. चष्मा प्रकाश नेमका पडद्यावर आणून सोडतो. बारकावे टिपणारी जागाच तिथे नसेल, तर चष्म्याने काय करावे?

आता कोडे असे, की रंग न बनल्यामुळे खळगा का पडू नये? रंगद्रव्य आहे मागच्या काळ्या थरात, खळगा पडतो पुढच्या दृष्टिपटलात. दोघांचा संबंध काय? वाचकांना वाटेल, की हे तर उंदरावर सहज तपासता येईल. प्रयोगशाळेतला तो सुप्रसिद्ध पांढरा उंदीर, लालसर डोळ्यांचा, तो आल्बिनोच तर असतो. त्याचे बिघडलेले जनुक हे टायरोसिनेजचेच. शंभरहून अधिक वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत हे उंदीर लाखोंनी वाढवले गेले. पण त्यांच्याकडून हे उत्तर कधीच मिळाले नसते. कारण उंदराच्या डोळ्यात, मग तो पांढरा असो की काळा, खळगा नसतोच!

सस्तन प्राण्यांत खरा खळगा आहे तो फक्त माकडांच्या कुळात, आणि त्या कुळातच आपणही आलो. गाईला नाही, मांजराला नाही, सशाला नाही. माकडांवर प्रयोग करणे खर्चाचे, वेळखाऊ आणि मनाला न पटणारेही. मग सस्तन प्राण्यांच्या बाहेर पाहावे लागते. पक्ष्यांत गरुड, खंड्या यांच्या एकेका डोळ्यात दोन-दोन खळगे असतात. पण गरुड काही प्रयोगशाळेत पाळता येत नाही. आणि दिवसा हिंडणाऱ्या बहुतेक सरड्यांच्या डोळ्यांतही खळगा असतो.

सरड्याचे नेत्रवैभव

सरड्याचा डोळा हा एक स्वतंत्र चमत्कारच म्हणायला हवा. त्याच्या बुबुळाभोवती पातळ हाडांच्या चकत्यांचे एक कडे असते, बऱ्याच जातींत चौदा चकत्यांचे. भ्रूणाच्या डोळ्यावर आधी छोट्या पुळ्या उठतात आणि त्यांच्याखाली एकेक चकती धरते. डोळ्याच्या आत, पडद्यावरून एक काळसर शंकू पुढे आलेला असतो. सरड्याच्या दृष्टिपटलात रक्तवाहिन्या नसतात, त्याला पोसण्याचे काम हा शंकू करतो.

शिवाय अनेक सरड्यांच्या डोक्यावर, मधोमध, एका खवल्याखाली तिसरा डोळा असतो. भगवान शंकराची आठवण होईल, पण हा डोळा काही भस्म करत नाही. त्याला भिंग आहे, प्रकाश टिपणाऱ्या पेशी आहेत, मात्र त्याचे काम चित्र पाहण्याचे नाही. ऊन किती आहे, दिवस किती मोठा आहे, याचा तो अंदाज देतो. हा डोळाही मेंदूतूनच उगवतो, पण बाजूने नव्हे तर छपरातून. आपल्या मेंदूत खोल दडलेली, झोपेचे संप्रेरक बनवणारी शीर्षग्रंथी ही या तिसऱ्या डोळ्याची नातेवाईक.

आपल्या घरातल्या पालीने मात्र वेगळीच वाट धरली. पालीला तिसरा डोळा नाही. पापण्याही नाहीत, डोळ्यावर कायमचे पारदर्शक आवरण आहे, म्हणून ती जिभेने डोळा पुसते. तिचे पूर्वज दिवसा वावरणारे होते. पुढे पालींचे कूळ रात्री हिंडू लागले आणि दिवसाच्या शंकुपेशीच अंधारात पाहण्यासाठी बदलत गेल्या. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००४ साली एका जातीच्या पालीवर प्रयोग करून दाखवले, की माणसाला रंग ओळखू येत नाहीत इतक्या मंद चांदण्यातही तिला रंग कळतात. पंचांगात पल्लीपतनाचे फळ शोधणाऱ्यांनी कधीतरी पालीच्या डोळ्याचेही वाचन करायला हरकत नाही.

जॉर्जियातले पांढरे सरडे

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात ॲश्ली रॅसिस या संशोधक विद्यार्थिनीने डग मेंकी आणि जेम्स लॉडरडेल यांच्याबरोबर काम करताना हाच विचार केला. त्यांनी निवडला तपकिरी अनोल. मूळ क्यूबा आणि बहामा बेटांवरचा हा सरडा फ्लॉरिडात आता घराघरांच्या कुंपणांवर दिसतो. आपल्या कुंपणावरच्या सरड्याहून लहान. त्याच्या प्रत्येक डोळ्यात दोन खळगे. मधला खोल खळगा बाजूचे पाहतो, दुसरा उथळ खळगा समोरचे. फांदीवर बसून, मान न हलवता, बाजूच्या किड्यावर पाळत ठेवायची, आणि झडप घालताना दोन्ही डोळे समोर आणायचे, असा हा सरंजाम.

जनुकात नेमका बदल करायचे क्रिस्पर हे तंत्र २०१२पासून हाताशी होते. ते विकसित करणाऱ्या एमान्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० साली रसायनशास्त्राचे नोबेलही मिळाले. उंदीर, मासे, माश्या, पिके, सगळ्यांवर ते वापरून झाले. सरपटणारे प्राणी तेवढे बाकी राहिले होते. अडचण होती ती अंड्याची. हे तंत्र वापरायचे तर फलित झालेले, एकाच पेशीचे अंडे हाती हवे. सरड्याची मादी नराचे शुक्राणू कित्येक महिने पोटात साठवून ठेवते आणि सवडीने वापरते. फलन केव्हा होईल, सांगता येत नाही. अंडे बाहेर येते तेव्हा भ्रूण पुष्कळ पुढे गेलेला असतो.

रॅसिस यांनी वाट बदलली. मादीला भूल देऊन, बारीक शस्त्रक्रिया करून, तिच्या बीजकोशात ओळीने वाढत असलेल्या कच्च्या, अजून फलित न झालेल्या बीजांडांतच त्यांनी क्रिस्परचे द्रव्य टोचले. एकवीस माद्या, एकशे सेहेचाळीस बीजांडे. आणि मग वाट पाहणे. टायरोसिनेजचेच जनुक निवडण्यामागे दोन हेतू होते. ते बिघडले तरी पिल्लू जगते, आणि प्रयोग साधला की नाही, ते रंगावरून एका दृष्टिक्षेपात कळते. पण मुख्य ओढ होती ती खळग्याची. आल्बिनिझमच्या माणसांच्या डोळ्यात जे घडत नाही, ते कोणत्या टप्प्यावर अडते, हे पाहता येईल असा प्राणी त्यांना हवा होता.

अंड्यांतून चार पिल्ले अशी बाहेर आली, की कुणालाही कळावे. बोटाच्या पेरावर बसतील एवढी, गुलाबी-पांढरी, काचेसारखी पातळ कातडी. आणखी एक आश्चर्य होते. टोचणी फक्त आईच्या बीजांडाला केली होती, पण या पिल्लांत वडिलांकडून आलेले जनुकही बदललेले निघाले. म्हणजे टोचलेले द्रव्य बीजांडात टिकून राहिले आणि शुक्राणू आल्यावर त्याच्याही प्रतीवर त्याने काम केले. ऑगस्ट २०१९मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. क्रिस्परने जनुक बदललेले हे जगातले पहिले सरपटणारे प्राणी ठरले.

त्याच गटाने अनोलच्या अंड्यांतले भ्रूण टप्प्याटप्प्याने तपासून २०२१ साली आणखी एक गोष्ट मांडली. वाढता डोळा चेंडूसारखा गोल राहत नाही. मध्ये एका टप्प्यावर, जिथे पुढे खळगा पडायचा असतो, त्या बाजूला तो लांबट होतो. नंतर तोच भाग पुन्हा मागे घेतला जातो, आणि या मागे येण्याच्या काळातच खळगा आकार घेतो. म्हणजे खळगा कुणी कोरून काढत नाही. साऱ्या डोळ्याच्या ताणण्या-आवळण्याशी त्याचा संबंध दिसतो. जनुके हुकूम देतात हे खरेच, पण त्या हुकमाची तामिली पेशी ढकलण्याने, ओढण्याने, ताणण्याने करतात. लाटलेल्या पोळीच्या कडा ओढल्या की मधला भाग पातळ होतो, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. डोळ्यातले प्रकरण याहून पुष्कळ गुंतागुंतीचे, पण आकार हा ओढाताणीतूनही घडतो, एवढे त्यावरून कळावे.

कुंपणापलीकडे

यातून उद्या लगेच औषध निघेल, असे समजू नये. सरड्याच्या डोळ्यावरून माणसाच्या डोळ्यावर उडी मारता येत नाही. पण उतारवयात हा मध्यभाग झिजून ज्यांना नातवाचा चेहरा ओळखता येत नाही, त्यांच्यासाठी कुणाला कधी प्रयोगशाळेत नवे दृष्टिपटल वाढवायचे असेल, तर मुळात निसर्ग खळगा कसा घडवतो ते आधी समजावे लागेल. आणि ते उंदराकडून शिकता येणार नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे म्हणून आपण त्याची थट्टा करतो. या एका बाबतीत तो आजवरच्या लाडक्या उंदराच्या पुढे निघाला. प्रश्न कोणता आहे हे पाहून प्राणी निवडावा लागतो, आणि कोणता प्राणी केव्हा उपयोगी पडेल हे आधी सांगता येत नाही. सुट्टीत गलोल घेऊन सरड्यामागे धावणाऱ्या पोरांना हे सांगायला हवे. उपयोगी पडो वा न पडो, त्याला जगू द्यावे हे तर आहेच.

आज जे करता येण्यासारखे आहे, त्याला मात्र प्रयोगशाळा लागत नाही. जगात साधारण १७ ते २० हजार माणसांत एकाला आल्बिनिझम असतो, असा ढोबळ अंदाज आहे. आपल्या गावात, आपल्या मुलांच्या शाळेत असे मूल असू शकते. ते पुस्तक नाकाला लावून वाचते, मान वाकडी करून बघते, म्हणून त्याला हसू नये. मान वाकडी केली की डोळ्यांची थरथर कमी होते आणि त्याला थोडे बरे दिसते, म्हणून ते तसे करते. त्याची बुद्धी मंद नसते. फळ्यावरचे दिसत नाही, म्हणून ते गप्प बसते, आणि गप्प बसते म्हणून मागच्या बाकावर जाते. त्याला पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवावे. टोपी आणि गडद चष्मा वापरू द्यावा, अंगभर कपडे घालून उन्हात पाठवावे. वाचायला भिंग द्यावे, मोठ्या अक्षरांतला मजकूर द्यावा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नजर मोजून घ्यावी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीचा स्वतंत्र उल्लेख आहे. नजर किती कमी भरते त्यावर परीक्षेतल्या सवलती ठरतात, त्या मागून घ्याव्यात.

त्या मुलाच्या डोळ्यात दीड मिलिमीटरचा एक खळगा नीट पडला नाही, एवढीच त्याची आणि आपली तफावत. ती भरून कशी काढायची याचा शोध चालू राहील. तोवर त्याचा बाक पुढे ओढणे आपल्या हातात आहे.